कायम

सूर गावात, पेन्शन कचेरीच्या समोर,
चहाच्या टपरीला लागून माझं टायपिंगचं दुकान.
म्हणजे सईद बिन हमदचं.
पाटीवर त्याचं नाव, खुर्चीत माझी पाठ,
एकोणतीस वर्षं.
एका अर्जाचे आठशे बैसा. चूक माझी असेल तर दुसरी प्रत फुकट.

आज शम्सा आली, इद्दत संपवून थेट इथेच.
नवरा खल्फान बंदर खात्यात टग बोटीवर इंजिन सांभाळायचा.
'सांभाळतो' म्हणते ती अजून.
पिशवीतले कागद खजुराच्या चिकानं एकमेकांना धरून बसलेले.
मी विचारतो, ती सांगते, मी बडवतो.
मयताचं नाव. तारीख. वारस किती.
बायको: तिचा हिस्सा. पुन्हा लग्न केलं तर बंद.
(इथे ती हसली. लिही, म्हणाली, बंदच लिही.)
मोठी मुलगी: लग्न होईपर्यंत.
मधला: शिकतोय तोवर, कॉलेजचा दाखला दर वर्षी.
धाकटा नासिर.
त्याची चाकाची खुर्ची उंबऱ्याशी अडली,
म्हणून तो बाहेरच, टपरीच्या मांजराशी भांडत बसलेला.
त्याच्यापुढे डॉक्टरांचा एकच शब्द.

अरबीत तो दाइम आहे. माझ्या डोक्यात मात्र
'कायम' असाच उमटतो.
आणि यांच्या भाषेत कायम म्हणजे
उभा असलेला.

थांबलो जरा. चहा मागवला.
अर्ज, मयत, वारस, हिस्सा, हक्क, रक्कम:
दाभोळच्या धक्क्यावर खजुराची पोती उतरायची,
त्यांतूनच उतरले असतील हे कधीतरी;
आमच्या तलाठ्याच्या दप्तरात मुरले,
स्टॅम्पपेपरवर पिवळे पडले.
मी उलटा आलो, विमानानं, त्यांच्या मागोमाग.
ते इथे घरचे.
मी दोन-दोन वर्षांचा, शिक्क्यागणिक.

मागच्या वर्कशॉपमधल्या बाबल्या पेडणेकरची
दोन बोटं पत्रा कापताना गेली.
त्याचाही कागद मीच केला.
तक्त्यात बोटागणिक टक्के असतात,
अंगठ्याला सगळ्यांत जास्त.
अंगठा वाचला म्हणून त्याला त्या दिवशी
थोडं वाईट वाटलं. खोटं नाही सांगत.
एकदाच रक्कम मिळाली. मालवणला गेला. आता बर्फाचा टेम्पो चालवतो.

माझं? सईद म्हणतो, जाशील तेव्हा वर्षाच्या हिशेबानं देईन,
सगळं वहीत आहे.
वही गाडीत होती.
गाडी त्यानं गेल्या रमजानात विकली.

मेहरुन्निसा फोनवर विचारते,
तुमच्यामागं मला काय मिळायचं ओ?
मी म्हणतो, तुझा अर्ज फुकट टाईप करून देईन.
ती म्हणते, तेव्हा तुम्ही कुठले असायला?
मग दोघंही जरा वेळ
मीटर चालू ठेवून गप्प.

नासिरचा अंगठा लागणार होता.
शाईचं पॅड घेऊन मीच बाहेर गेलो.
त्यानं कागदावर दाबला, नीट, चौकटीत;
मग माझ्या मनगटावर;
मग मांजराच्या कपाळावर दाबायला गेला, तर ते पळालं.
शम्सा ओरडली त्याला. मला म्हणाली,
दर तीन वर्षांनी परत तपासणी आहे म्हणे,
कायम अजून कायम आहे का, ते बघायला.
तेव्हाही इथेच येऊ. तू असशील ना?

आठशे बैसा तिनं सुटे मोजले.
मी पन्नास परत केले, का ते माहीत नाही.

उंबऱ्याला एक उतरती फळी हवी.
खाडीकाठी गलबतं बांधतात तिथे सागाचे तुकडे पडलेले असतात,
समुद्रापलीकडून, आपल्याच बाजूनं आलेला साग.
उद्या एखादा मागून आणतो.
सईदला विचारायला हवं आधी.
दुकान त्याचं.