कसंबसं

मंगळवारी साडेदहा. फोनवर नाही, समोरासमोर.
स्टॉकपोर्टला, स्टेशनच्या उतारावर, दुसरा मजला.
लिफ्ट आहे असं पत्रात लिहिलंय.
चालू आहे असं नाही लिहिलेलं.

रविवारी जेवणं उरकल्यावर
ऋजुता टेबल पुसते, फॉर्मची प्रत घेऊन समोर बसते.
"मी ती तपासणारी बाई," म्हणते.
केस मागे बांधते, चष्मा नाकावर ओढते. सतरा वर्षांची आहे.
"कशा आहात आज?"
"बरी आहे."
"गेलं, आई! तिथेच गेलं. लिहून टाकलं तिने, बरी आहे."

काय करू. पन्नास वर्षं तोंडात बसलेला शब्द.
साताऱ्याहून मावशीचा फोन आला, बरी आहे.
हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पिपेटचं बटण दाबताना
अंगठ्यातली कळ खांद्यापर्यंत गेली,
सुपरवायझर मागे उभा, बरी आहे.
ओळखपत्र परत दिलं त्या दिवशीसुद्धा
बसस्टॉपवर कुणी विचारलं, आणि मी तेच.

"साधं जेवण बनवू शकता का?"
जमतं.
"जमतं म्हणजे?"
म्हणजे कुकरचं झाकण बाबा लावून जातात.
म्हणजे कांदा मी चिरत नाही, फ्रीझरमधला चिरलेला घेते.
म्हणजे दुधाची मोठी बाटली दोन्ही मनगटांत धरून
कपाकडे झुकवते, तान्ह्या बाळाला धरावं तशी,
आणि अर्धं दूध ओट्यावर.
म्हणजे कसंबसं.
ऋजुता पेन्सिल चावते. कसंबसंला इंग्रजीत काय म्हणायचं?
फॉर्ममध्ये त्याला चौकोन नाही.
एक आहे 'हो'चा, एक 'नाही'चा,
आणि मी इतकी वर्षं त्या दोघांमधल्या फटीत रांधतेय.

सल्ला केंद्रातल्या ग्लेनिस, सत्तरीच्या, मांडीवर विणकाम,
म्हणाल्या होत्या, वाईट दिवस आधी सांग, पोरी.
चांगल्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत.
मी त्यांना सांगणार होते, आमच्याकडे उलटं शिकवतात,
झाकली मूठ सव्वा लाखाची.
मग माझ्या हाताकडे लक्ष गेलं.
सात वर्षं झाली, ती मूठ मिटतच नाही.

काल फाटकापासून लाल पोस्टपेटीपर्यंत आम्ही टेपने मोजलं.
ऋजुता टोक धरून पुढे, मी मागे.
शेजारचा डेरेक विचारतो, कुंपण घालताय का?
अठ्ठावीस मीटर. दोनदा थांबले.
एकदा थांबले नाही असं दाखवलं,
कुणाच्या तरी गुलाबाकडे बघत राहिले.
तिने लिहिलं, तीनदा.

पुढचा प्रश्न ती वाचत नाही.
पान उलटते, परत येते.
"आंघोळ," म्हणते, आणि हा त्या बाईचा आवाज नाही.
मी सांगते. शॉवरखालचं स्टूल. पाठ. हुक.
पहाटे साडेपाचला, ती झोपेत असताना,
हे दार लावून घेतात ते कशासाठी.
ती काही लिहीत नाही.
तिला वाटायचं, बाबांना
बाथरूममध्ये रेडिओ ऐकायची सवय आहे.

बराच वेळ फ्रिज घुरघुरतो.

"मंगळवारी घालणार काय?"
तो राखाडी कुडता, बटणं नसलेला. कानातले नकोत.
नीटनेटकी दिसते असं लिहून ठेवतात म्हणे.
आणि टिकली?
पाकिटावरून टिकली सोलायला दोन नखं जुळावी लागतात.
माझी जुळत नाहीत.
रोज सकाळी, एका पायात मोजा घातलेले हे
जीभ दातांत धरून ती लावतात. रोज वाकडी.
मी आरशात बघते, आणि सरळ करून मागत नाही.

लावू की नको?
ऋजुता फॉर्मचं शेवटचं पान काढते,
आणखी काही सांगायचं असल्यास, तिथे,
तिच्या शाळेतल्या ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिते:
टिकली. दुसऱ्या व्यक्तीच्या मदतीने.
"वाकडी, असं लिहू?"

लिही, मी म्हणते.