हातचा एक

ओळ दोनशे सतरा.
क्षेत्र: बेकरी. शहर: कुताईसी.
मालक: स्त्री, वय अठ्ठावन्न.
आयुष्य: एकतीस महिने.
शेवटच्या रकान्यात एक.
आमच्यात एक म्हणजे गेला. शून्य म्हणजे
अजून आहे, किंवा
आम्ही पाहायचं थांबवलं तेव्हा तरी होता.

चारशे बारा धंद्यांचा आलेख
जिना उतरावा तसा उतरतो पडद्यावर,
पायरी-पायरीला कोणीतरी शटर ओढलेलं.
कर्ज, शिक्षण, नवरा घरी की परदेशी,
ज्याला त्याला आपापला सहगुणक
आणि मागे अधिक-उण्याची शेपटी.
झुराब सर म्हणाले, मॉडेल छान बसलंय, नेस्तान,
आता त्याला उठवू नकोस.

पण दोनशे सतरा बसत नव्हती.
जगायला हवी होती ती.
वय सोडलं तर सगळे आकडे तिच्या बाजूचे,
तरी बाकी एवढी मोठी
की तिचा ठिपका आलेखाच्या कडेला एकटा,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा.

मिनीबस पकडून गेले.
रिओनीवरचा पूल, मग चढ,
मग द्राक्षाच्या मांडवाखाली निळं फाटक.
आधी वास आला.
मेलेल्या धंद्याला असा वास येत नाही.

त्सियाला कमरेपर्यंत भट्टीत वाकून
आतल्या भिंतीला कणीक थापत होती.
"बंद? हो, केली ना बंद,"
ती आतूनच बोलली, आवाज मडक्यातून यावा तसा,
"सुनेच्या नावावर केली. मेडिकोच्या.
बँकेला माझं वय आवडेना.
तिचं आवडलं."

म्हणजे आमच्या खात्यात एक मृत्यू
आणि (परत येऊन शोधलं)
ओळ तीनशे चाळीसमध्ये एक जन्म:
वय एकोणतीस, अनुभव शून्य वर्षं.
शून्य!
एकतीस महिने पहाटे चारला उठून
पीठ मळत होती ती पोरगी.
भट्टी दोन्ही ओळींत तीच,
मधे एक दिवसही न विझलेली.
भट्टीचा रकानाच नाही आमच्याकडे.

निघताना त्सियालाने होडीसारखा लांब पाव
कागदात गुंडाळून काखेत दिला. पैसे घेतले नाहीत.
"मी गेले असं सांगितलं कोणी तुला?"
रकान्याने, म्हटलं.
ती इतकी हसली की मेडिको बाहेर आली बघायला.

रात्री दोन्ही ओळी जोडल्या.
एक मरण कमी, एक जन्म कमी,
चारशे बाराचे चारशे अकरा.
आलेख केसभर हलला.
सरांच्या नजरेत यावा इतका नाही.

वजा झालेला तो एक मात्र
कुठे लिहायचा कळेना,
म्हणून हातचा म्हणून बोटावर धरून बसले आहे.
त्या रकान्यात अजून एकशे अडतीस एक आहेत.
पत्ते छापून घेतलेत.
पाव अर्धा उरलाय, कडक झालाय, पण चहात चालेल.
पहिली मिनीबस सातला सुटते.