टपाची शिवण

गोकुळदास च्यारी पत्रा डोळ्यांनी बघत नाही.
छोटी हातोडी घेऊन टपावर उकिडवा बसतो
आणि कान देतो.
टण् म्हणजे आहे.
भद् म्हणजे गेला.
गेलेल्याभोवती खडूने गोल,
आणि मी खाली वहीत लिहिते :
ड्रायव्हरच्या डोक्यावर, वीतभर.
मागच्या पन्हळीपाशी, तळहाताएवढा.
डावी शिवण...
"बरय, सगळीच."

बेडफर्ड आहे. नंबरपाटीवर अजून जीडीटी.
बाबांनी घेतला तेव्हा त्यातून सोड्याच्या बाटल्या जायच्या,
नंतर बावीस वर्षं नाटकं गेली,
शिरोड्याहून बोरी, मडकई, पंचवाडी,
जत्रेमागून जत्रा :
गुंडाळलेला राजवाडा, गुंडाळलेलं अरण्य,
लाकडी तलवारींचा भारा, आणि पहाटे परतताना
मिशा न काढताच झोपलेला दुर्योधन.

डाव्या शिवणीतून पाणी राजवाड्यावर उतरायचं.
तिसऱ्या खांबावर एक तांबडा ओघळ पडला.
रंग देऊन झाकला, तो परत आला.
शेवटी तालीममास्तर केरकरांनी
खुनाचे सगळे प्रवेश त्या खांबापाशी लावले.

आता ती शिवण आम्ही उसवतो आहोत.
वर डांबर.
डांबराखाली लांबी, मिठागराच्या वाळल्या चिखलासारखी तडकलेली.
त्याखाली एम-सील, त्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा.
मी माझा ठेवून बघितला. बसला नाही.
आणि अगदी तळाशी, कथलाचा डाग देऊन बसवलेला
एक चपटा केलेला डबा,
त्यावर अर्धा मासा आणि पोर्तुगीज अक्षरं.
"हें तुज्या बापायचें काम," गोकुळदास म्हणाला,
"वायट ना."
आणि ग्राइंडर सुरू केला.

मी काही बोलले नाही.
डबाही सडलाच होता.
भुगा ओंजळीत आला, सावर्ड्याच्या रस्त्यावर
खाणीचे ट्रक सांडत जायचे नेमका तो रंग.
म्हटलं, बघा, लोखंड आपल्या गावी निघालंय परत.
"कविता मागीर. ब्रश दी."

आम्ल लावलं. तांबडं होतं ते दुपारपर्यंत
जांभळाच्या डागासारखं काळं झालं.
नवा पत्रा कापला, सडक्यापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा,
आणि टाका इथं एक, मग पार तिकडे एक,
मग थांबून विडी.
सलग शिवला तर पत्रा तापतो, फुगतो,
घरात एकालाच सगळं सांगितल्यासारखं होतं.
हे त्याने सांगितलं नाही. तो फक्त थांबत होता.
जुवारीवरून खारं वारं येत होतं,
उघड्या पत्र्याला रात्रभरही ठेवायचं नाही म्हणून
कंदिलाएवढ्या बल्बखाली आम्ही रेडऑक्साइड मारला,
मग शिवणीत सीलर, बोटाने दाबत दाबत,
पन्हळीच्या टोकापर्यंत.

लहानपणी बाबा मला आत बसवून दार ओढून घ्यायचे.
"मोज."
काळोखात उन्हाची भोकं.
मला एकोणतीसपुढे अडायला व्हायचं,
म्हणून दर वर्षी एकोणतीसच सांगितली.
बाबा तेवढी बुजवायचे
आणि राजवाडा भिजायचा तो भिजायचाच.

आज अकराच्या उन्हात आत जाऊन बसले.
दार ओढलं.
"कितलीं?" वरून.
"एक."
"तें हॉर्नाच्या वायरीचें. कंपनीचेंच. रबर घाल."

मग कळशी ओतल्याचा आवाज.
पाणी टपावर पसरलं, जरा घोटाळलं,
डावीकडे वळलं, पन्हळीतून चालत गेलं
आणि मागच्या कोपऱ्यात, बाहेर, दगडावर पडलं.
मी शिवणीखाली हात धरून होते.
दिसत नव्हता.
"कितें गो?"
गालाला लावून बघितला.
"कोरडा," म्हटलं. "आणखी एक ओता."