शेरा

आमच्या वहीला पाच रकाने होते :
तारीख, गिऱ्हाईक, ताडपत्र्या किती, जमा,
आणि शेवटचा अरुंद, शेरा.
अब्बा त्यात हवा लिहायचे.

माळावरची जत्रा वैशाख उतरताना.
खोडवा वीतभर, गुऱ्हाळं विझलेली,
सगळ्या कोल्हापूरची धग त्या तीन दिवसांत इथं मुक्कामाला.
पावसाळा येतो पन्हाळ्याकडनं, सांगून-सवरून.
वळीव उलटा. आळत्याच्या डोंगरामागनं,
वसुलीला आल्यागत, भर दुपारचा.

बाहत्तर : धूळ. ढग नाही.
देवस्थानाकडं भाड्याला पैसे नव्हते.
जमेत एक शून्य, नीट गोल काढलेलं,
आणि शेऱ्यात : सावली दिली.

अठ्ठ्याहत्तर : गारा, लिंबाएवढ्या.
आखाड्यात शेवटची जोड लागलेली,
ना हा सोडेना, ना तो.
पंच टेबलाखाली.
शेरा म्हणतो, कुस्ती गारांनी सोडवली.
खाली बारीक अक्षरात :
सरबतवाल्या बंडू कोष्ट्यानं गारा वेचल्या,
बर्फाचे पैसे वाचवले.

एक्क्याऐंशी : वावटळ.
चाळीस बाय साठची एक उडाली ती उडालीच.
पुढच्या जत्रेला वडणग्याकडचा एक माणूस आला,
डोक्यावर ताडपत्रीची घडी, काखेत गुळाचा रवा.
"वर्सभर वैरण झाकली हिनं. भाडं काय हुतंय?"
अब्बांनी हिशेब केला. पावती फाडली.
गूळही घेतला.

त्र्याऐंशी : ऊन. चौऱ्याऐंशी : ऊन.
पंच्याऐंशी : ऊन, पण वारा बरा.

सत्त्याऐंशी : सांजेला शिरवा. मुलगी झाली.
हे मी वाचलं तेव्हा बारा वर्षांची होते,
आणि दोन दिवस अब्बांशी बोलले नाही,
की आधी शिरवा.

एकोणीसच्या पुरात वही भिजली.
ताडपत्र्या शाळांच्या पटांगणात, लोकांच्या डोक्यावर,
दुकानात पाणी वरच्या फळीला.
नव्वदीची सगळी वर्षं एकमेकांत उतरली.
दहा जत्रांवर शाईचा एकच निळा ढग.
अब्बांनी वही गॅसजवळ धरून पान-पान वाळवली
आणि म्हणाले, "एवढी ओल एका वर्षातही कधी नव्हती."

वीस : जत्रा नाही.
गिऱ्हाईक नाही, ताडपत्री नाही, जमा नाही.
शेरा : हवा उत्तम.
त्यापुढं काहीतरी खोडलंय, दोनदा.

एकवीस त्यांनी लिहिलं नाही. ते चैत्रातच गेले.
वही माझ्याकडं आली तेव्हा वैशाखही सरला होता.
मी विचारत फिरले, जत्रेच्या दिवशी हवा कशी होती?
सुगंधाकाकी म्हणाल्या, झड होती की, समुद्रातल्या वादळाची.
पाळणेवाला शिंदे म्हणाला, कोरडं ठाक, अंगाची लाही.
माझा भाऊ म्हणाला, कुठल्या जत्रेच्या?
मी घरातच होते.
खिडकी उघडायचं सुचलं नाही.
रकाना मोकळा आहे.

आता सुफियान मोबाईल पुढं करतो :
"अम्मी, चाळीस टक्के."
चाळीस टक्के म्हणजे ताडपत्र्या किती?
तो हसतो. मीही.
शेऱ्यात ऊन लिहिते, पेन्सिलीनं.

दोर नायलॉनचे झालेत. त्यांना कशाचंच काही वाटत नाही.
काथ्याचा दोर दमट हवेत आखडतो.
अब्बा त्याला बोटानं छेडायचे,
कान लावायचे, चपाती चावता चावता,
आणि एकदम पोरांवर ओरडायचे, "खुंट्या ठोका!"
म्हणून पूर्वेच्या कोपऱ्याला
मी अजून एक काथ्याचाच बांधते.

साडेतीन. हलगी वाजतेय. जोड्या लागायच्यात.
बत्ताशावाल्यानं पाटीवरचा कागद काढलाय.
आभाळ स्वच्छ, नको इतकं.
मी जाऊन छेडते.

सकाळपेक्षा
जरा वरचा लागतोय.