मधले अकरा दिवस

राजवाड्याला लागून जी गॅलरी आहे
तिथे एक प्रदर्शन उतरतं, दुसरं चढतं.
मधले अकरा दिवस माझे.

दारावर पाटी : बंद आहे.
आत मी, शिडी, दोन रोलर,
आणि लीथहून सायकल हाणत येणारा रुआरी,
ज्याला अजून कोपरा मारता येत नाही
पण शीळ मात्र झकास घालता येते.

चित्रं निघाली की भिंत
दात काढलेल्या तोंडासारखी दिसते.
भोकं बुजवायची, घासायची, बोट फिरवून पाहायचं.
मग वरच्या मजल्यावरून कुणीतरी रंगाचा तुकडा पाठवतं,
त्याला काहीतरी भरजरी नाव असतं.
मी म्हणतो 'गुरुवारचा निळा',
कारण गुरुवारपर्यंत तो वाळायला हवा.

मालाच्या दाराशी एक कोपरा आहे.
प्रत्येक पेटी तिथे घासून जाते,
एकोणीस वर्षांत एकही चुकली नाही.
टवका उडाला की खालचे रंग दिसतात :
राखी,
त्याखाली डाळिंबी (तेव्हा सोन्याच्या डब्या होत्या),
त्याखाली ओल्या पीटसारखा तपकिरी,
त्याखाली एक पिवळा, जो कुणालाच आवडला नव्हता.
मलाही नाही.
हिशेब केला तर ही खोली
माझ्यामुळे चारी बाजूंनी नखभर आत आली आहे.
राजाची जागा मी थोडी थोडी कमी करतो आहे
आणि त्याचा पगार घेतो.

या वेळी भिंत शेवाळी होती.
कागदावरची चित्रं. घोडे, घोडे, एका राजपुत्राचं नाक,
आणि कडेला, दाराजवळ, लाल खडूतली एक पोरगी :
मांडीवर कोंबडी, हातात पिसं, तोंड अर्धं उघडं,
कुणाशी तरी बोलता बोलता थांबलेली.
काढणाऱ्याचं नाव नाही. तिचं तर नाहीच.
कुण्या राजाने घोड्यांचा गठ्ठा घेतला
तेव्हा भाजीवर कोथिंबीर यावी तशी ती आली.

इफी गनने तिच्यासमोर पाच महिने ड्यूटी केली.

कागदाला उजेड मोजून देतात,
आजाऱ्याला पेज द्यावी तसा.
पाच महिने मंद दिवा, मग दहा वर्षं अंधार.
इफी मार्चमध्ये निवृत्त होते आहे.
हे गणित तिने कुणाला घालून दाखवलं नाही.

उतरवायच्या दिवशी, सुट्टी असून, ती आली,
कोटाचं एक बटणही न सोडता उभी राहिली.
फॉर्मवाली बाई बॅटरी तिरपी धरून
कागदाची कड न कड तपासत होती.
तिने लिहिलं : पूर्वीप्रमाणेच. बदल नाही.
इफीने विचारलं, पेटीत ही कशी असते, उभी की आडवी?
आडवी. उताणी.
आणि गारठा?
अठरा अंश, बारा महिने.
"म्हणजे माझ्या घरापेक्षा बरं,"
इफी म्हणाली, नाक शिंकरलं,
आणि रुआरीला सांगितलं की शीळ घालतोस ते ठीक,
पण सूर खाली पडतो.
मग डोंगराच्या बाजूच्या दाराने निघून गेली.

शनिवारी नवं उघडेल.
मुकुट आहेत म्हणे, आणि खुर्च्या
ज्यांवर बसायचं नाही.
लोक येतील. भिंतीकडे कुणी बघणार नाही.
बघितलंच, तर माझं काहीतरी चुकलं.

गुरुवारी शेवटचा हात मारला.
मालाच्या दाराशी, त्या कोपऱ्यात,
शेवाळी उघडा पडला होता, बोटाच्या पेराएवढा.
ब्रश तिथवर नेला.
परत डब्यात ठेवला.

संध्याकाळी वरून चिठ्ठी आली :
दाराजवळचा कोपरा राहिलाय.
मी खाली पेन्सिलीने लिहिलं,
पूर्वीप्रमाणेच. बदल नाही.