नव्व्याण्णव

मी पाळक नाही, नुसती गाडी चालवतो.
हे प्रत्येक नाक्यावर सांगावं लागतं.
मागे पाळक रूएदी, शेजारी भगिनी वेरेना,
मांडीवर पत्रिकांची खोकी,
चार भाषांत छापलेलं एकच वचन,
आणि घरून बांधून घेतलेलं चीज,
जे हंगेरी लागायच्या आत संपतं.

मेळावा वसंतात इकडे, शरदात तिकडे.

इकडे म्हणजे थुनच्या सरोवराकाठी:
खुर्च्यांना निळ्या गाद्या,
प्रत्येकीवर पाण्याची एक बाटली,
प्रार्थना दहाला म्हणजे दहालाच.
खुर्च्या एकशे वीस.
माणसं एकोणीस.
मला मोजायची खोड आहे,
बावीस वर्षं शाळेची बस चालवली,
एखादं पोर मागे राहिलं तर झोप लागत नसे.

रूएदी बोलतो छान.
पूर्वेकडच्या बांधवांसाठी मागू या, म्हणतो,
ज्यांच्याकडे काही नाही.
एकोणीस आमेन
छतापर्यंत जातात आणि तिथेच राहतात.

तिकडे म्हणजे प्रूत नदीच्या पलीकडे.
तिथे रस्त्यात खड्डे नसतात,
खड्ड्यांत मधूनमधून रस्ता भेटतो.
गावाचा जुना सांस्कृतिक हॉल,
भिंतीवर अर्धवट खरवडलेला विळा,
त्याच्यावर खिळा ठोकून टांगलेला क्रूस.
बाकं पुरत नाहीत.
म्हाताऱ्या भिंतीला टेकून,
पोरं खिडक्यांत, एकमेकांच्या खांद्यावर.
मधलं वय मात्र दिसत नाही.
मधलं वय बोलोन्यात
कुणाच्या तरी आईला आंघोळ घालतंय,
हानोवरमध्ये फरश्या बसवतंय.
स्तोत्र सुरू झालं की
कुणाचा तरी फोन वर धरलेला असतो,
तिकडून तेही गातात, अर्धी ओळ मागून.

या खेपेला एव्दोकिया उभी राहिली.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची, डोक्याला करडा रुमाल.
वसंतात ती आमच्याकडे येऊन गेली होती.
दिवसभर बसली, बाटली उघडली नाही,
जाताना पिशवीत घालून घेऊन गेली.
ती बाटली आता तिच्या खिडकीत आहे,
तिच्यात तुळशीसारख्या वासाची एक काडी.

तिने प्रार्थना केली, लांबलचक.
दुभाषा त्रोफीम मध्येच अडखळला,
रूएदीकडे बघितलं,
मग हळू आवाजात सांगितलं:
ती म्हणतेय, प्रभू,
त्या बिचाऱ्यांकडे लक्ष दे
ज्यांच्याकडे खुर्च्या आहेत आणि बसायला कुणी नाही.

हॉल म्हणाला आमेन. पोरंसुद्धा.
वेरेना आपल्या बुटांकडे बघत राहिली.

निघताना एव्दोकियाने
उशीच्या अभ्र्यात अक्रोड दिले, गाठ मारून.
एकशे एक, म्हणाली,
आणि बोट माझ्याकडे रोखलं, रूएदीकडे नाही.
म्हणजे तिनेही मोजल्या होत्या.

नाक्यावरच्या पोराने गाठ सोडायला लावली.
हे काय?
अक्रोड.
कुणासाठी?
खुर्च्यांसाठी, मी म्हणालो, थकलो होतो.
त्याने दोन उचलले,
मुठीत एकावर एक दाबून फोडले,
दोन्ही तिथेच खाल्ले. चांगले आहेत, म्हणाला. जा.

उरले नव्व्याण्णव.
मागून रूएदी एकटाच हसला.
पाळकांना हा आकडा पाठ असतो.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही,
पाऊस होता, वायपर एका बाजूला रडत होता.

अहवालात लिहिलं गेलं:
भेट मिळाली, सुका मेवा, सुमारे सव्वा किलो.

वसंतात मी सकाळी आठलाच गेलो
आणि मागच्या रांगेपासून एकेका खुर्चीवर
एकेक अक्रोड ठेवत आलो.
पुढच्या काही खुर्च्या तशाच राहिल्या, बसणाऱ्यांच्या.
साडेनऊला वेरेना आली.
गादीला डाग पडतील, म्हणाली,
आणि परडीत गोळा करू लागली.
शेवटची रांग तिने तशीच ठेवली.
किंवा विसरली असेल.
मी विचारलं नाही.
दहा वाजत आले होते.