चतुःसीमा

तीन सिंहस्थांपूर्वी एजंट म्हणाला होता,
बाई, नोटा ठेवल्या तर नोटाच राहतील.
हे तो मला सांगत होता,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
दिवसभर ओल्या शाईचे ताव तपासणाऱ्या बाईला!
मी हसले, आणि सही केली.

खरेदीखतात चतुःसीमा होती:
पूर्वेस नऊ मीटरचा रस्ता, जो नव्हता,
पश्चिमेस प्लॉट नंबर सोळा,
दक्षिणेस नाला, उत्तरेस गटाचं उर्वरित क्षेत्र.
म्हसरूळ शिवार, तीन गुंठे.
मधोमध काय आहे, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मधोमध घाणेरी होती.
दर पाडव्यानंतरच्या रविवारी मी जायचे,
बसने, मग रिक्षाने, मग पायी,
पिशवीत खुरपं आणि सातबारा,
जणू कुणी विचारणारच होतं.
रिकाम्या जागेत बघायचं तरी काय?
चामरलेणीकडे तोंड करून उभं राहायचं,
चपलेने माती उकरायची,
दगड मोजायचे. चार. चारच आहेत म्हणून बरं वाटायचं.
हॉल इथे. ओटा इथे, उजेड डावीकडून.
टिटवी डोक्यावर ओरडत फिरायची,
तिची अंडी
बहुधा माझ्या देवघरात असायची.

सोळा नंबर म्हणजे रासने. भांडी बाजारात दुकान.
आडनाव मला सहाव्या वर्षी कळलं,
तोवर आम्ही आकड्यांवरच भागवलं.
काय सतरा, भाव काय म्हणतोय?
तुम्हीच सांगा सोळा, बाजार तुमचा.
घर नाही, भिंत नाही, आणि तरी शेजार,
वर्षातून एकदा, दोन तासांचा.
पितळी तांब्यातलं पाणी द्यायचे
आणि मग भांडायचे:
मधला दगड सरकलाय, सतरा,
फूटभर माझं तुमच्यात गेलंय.
ते गाठी मारलेली सुतळी आणायचे, मी पावलं टाकायचे.
एकदा फी भरून सरकारी मोजणी मागवली.
दोन उन्हाळ्यांनी माणूस आला,
कागद फिरवून फिरवून म्हणाला, नाला सरकलाय.
त्या दिवशी आम्ही दोघं फार हसलो.

पुढच्या सिंहस्थात भाव तिप्पट झाला.
मुलीच्या इंजिनिअरिंगला विकू म्हटलं. पाटल्या मोडल्या.
ह्यांच्या बायपासला विकू म्हटलं. सोसायटीचं कर्ज काढलं.
अडीनडीला मोडता यावं म्हणून जे घेतो
ते वाचवायला बाकीचं सगळं मोडतो,
याला गुंतवणूक म्हणतात, हे मला उशिरा कळलं.

त्याच्या पुढच्या सिंहस्थात रस्ता खरंच झाला.
रासनेंचा गुडघा गेला. गाडीतून उतरायचे नाहीत,
काच खाली करून तिथूनच ओरडायचे,
फूटभर, सतरा, फूटभर!

यंदा गेले, तर सोळा नंबरला कंपाऊंड.
सिमेंटच्या तयार फळ्यांचं, राखाडी, कडा अजून धारदार.
एक मुलगा उभा, भुवया रासनेंच्या.
बाबा डिसेंबरात गेले, म्हणाला,
तुमचा नंबर नव्हता आमच्याकडे.
नंबर होता.
मी बोलले नाही.

सवयीने पावलं टाकली.
भिंत दगडावर नव्हती.
दगडाच्या पलीकडे, त्यांच्याच जागेत,
फूटभर आत.
मुलाने मोबाइलमध्ये नकाशाचा फोटो दाखवला.
कडेला शाईपेनने, दुकानदारी अक्षरात:
पूर्वेस एक फूट मोकळे सोडणे.
का, ते लिहिलं नाही, तो म्हणाला,
तुम्हाला काही माहीत आहे का, काकू?

एक गुणिले साठ, गुणिले आजचा भाव.
हिशेब डोक्यात आपोआप झाला, प्रेसची खोड.
मी त्या फटीत उभी राहिले, तिरकी,
एक खांदा सिमेंटला लागत होता.
तेवढ्यात फोन आला, त्या एजंटच्या मुलाचा:
सिंहस्थ जवळ आलाय, असा दर पुन्हा नाही,
सतरा नंबर देऊन टाका.
मी म्हटलं, थांब जरा.
मोजणी व्हायची आहे अजून.